त्यांना राजीनामाच का हवा असतो?

देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, २०२५च्या जुलै महिन्यात आपल्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के माणसे, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी, कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. लालबाग-परळच्या एखाद्या गिरणीत एकेकाळी बाराशे कामगारांच्या कपातीची नोटीस लागली असती, तर पहिल्या पाळीचा भोंगा वाजण्यापूर्वी दरवाजावर सभा उभी राहिली असती. येथे बारा हजारांचा आकडा जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या यंत्रावर नेहमीसारखीच कार्डे टेकविली गेली. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांनी या प्रकाराला ‘पुनर्रचना’ असे गोंडस नाव दिले. आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना मात्र कामगार खात्याकडे गेल्या. त्यांच्या तक्रारींतील एक आरोप विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. तो असा की, माणसांना कामावरून काढले जात नाही, त्यांच्याकडून राजीनामे घेतले जातात. कंपनीने हे आरोप मान्य केलेले नाहीत.

परंतु हा प्रश्न एका कंपनीचा नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाला ही पद्धत निदान ऐकून ठाऊक असते. एके दिवशी ‘एच.आर.’कडून बोलावणे येते. खोली लहान, समोर दोन माणसे. मोबाइल बाहेर ठेवण्यास सांगितले जाते. आपणास देण्याजोगे काम सध्या कंपनीकडे नाही, अथवा वार्षिक मूल्यमापनात आपली श्रेणी खालची आली आहे, असे शांतपणे, बहुधा इंग्रजीत सांगितले जाते. आवाज कोणीही चढवीत नाही. मग दोन पर्याय पुढे ठेवले जातात. आताच संगणकावर राजीनामा नोंदवा, दोन-तीन महिन्यांचा पगार आणि सेवामुक्तीचे स्वच्छ पत्र घेऊन जा. नाहीतर कंपनी आपण होऊन सेवा समाप्त करील आणि मग त्या पत्रात काय लिहिले जाईल, याची हमी देता येणार नाही. पुढची कोणतीही कंपनी नेमणुकीपूर्वी मागच्या नोकरीची चौकशी करते, हे समोर बसलेल्याला माहीत असते आणि समोरच्या दोघांनाही ते माहीत असते. घराच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, गावाकडे दरमहा पाठवावयाची रक्कम, हा सारा हिशेब त्या खोलीत एकट्याने आणि घटकाभरात करावयाचा असतो. बहुतेक जण बटण दाबतात. कंपनीच्या दप्तरी नोंद होते: स्वेच्छेने सेवात्याग.

मालकवर्ग एवढी यातायात कशासाठी करतो? ज्याला नको असलेला माणूस काढावयाचा आहे, त्याने सरळ काढण्याचे पत्र द्यावे. जो मालक एका ओळीच्या ई-मेलने हजारो माणसांचे काम बंद करू शकतो, त्याला त्याच माणसाची सही का लागते? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात सॉफ्टवेअर कंपनीतील नोकरीचे सारे रहस्य दडलेले आहे.

उत्तर कायद्यात आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफप्रमाणे, एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची तर त्याला एक महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार द्यावा लागे, सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई द्यावी लागे, आणि सरकारला कळवावे लागे. कलम २५-जीने आणखी एक तत्त्व घालून दिले होते: त्या प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी जाईल, आणि क्रम मोडावयाचा तर मालकाने कारणे नोंदवावीत. २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारांचे अनेक हक्क छाटले. पण ही तरतूद तिलाही ठेवावी लागली. उलट कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचे वेतन मालकाने पुनःप्रशिक्षण निधीत भरावे, अशी भर तिच्यात आहे.

आता बारा वर्षे सेवा झालेल्या अभियंत्याची कपात केली, तर एकट्या भरपाईपोटी सुमारे सहा महिन्यांचे वेतन होते. त्याहूनही मोठी अडचण क्रमाची आहे. २०२५ची कपात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या श्रेणींतील कर्मचाऱ्यांची होती, हे कंपनीनेच सांगितले होते. ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे तत्त्व पाळावयाचे म्हटले तर नेमका हाच, वर्षानुवर्षे वेतनवाढ घेऊन महाग झालेला माणूस काढता येत नाही. साडेतीन लाखांचा नवा पोरगा आधी काढावा लागतो. मालकाला हवे असते याच्या बरोबर उलट. राजीनाम्याने या साऱ्या कटकटी एका क्षणात मिटतात. राजीनामा दिलेल्याची कपात झालेली नसते; भरपाई नाही, क्रम नाही, निधी नाही, सरकारला कळविणे नाही.

यातून जो निष्कर्ष निघतो तो खुद्द अभियंत्यांनीच अजून पुरता ओळखलेला नाही. कायदा लागूच होत नसता, तर तो चुकविण्याची धडपड करावी लागली नसती. मालकाने खोलीत बसून घेतलेला प्रत्येक राजीनामा ही त्याने दिलेली कबुली आहे की, समोर बसलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे.

कामगार म्हणजे कोण, याची व्याख्या पुष्कळांना वाटते तशी हातात हातोडा असण्यावर अवलंबून नाही. अंगमेहनतीचे, अकुशल, कुशल, तांत्रिक, परिचालनाचे, कारकुनी अथवा पर्यवेक्षणाचे काम मोबदल्यासाठी करणारा तो कामगार, असे जुना कायदाही सांगत होता आणि नवी संहिताही सांगते. वेतनाची मर्यादा आहे ती केवळ पर्यवेक्षकाला. नव्या संहितेत ती दरमहा १८,००० रुपये आहे. तांत्रिक काम करणाऱ्याला वेतनाची मर्यादा नाही. तो दरमहा तीस हजार मिळवो की तीन लाख, दिवसभर प्रोग्राम लिहीत, तपासत आणि दुरुस्त करीत असेल तर तो कामगारच. वगळला आहे तो मुख्यत्वे व्यवस्थापकीय वा प्रशासकीय अधिकार चालविणारा. म्हणूनच या धंद्यात हुद्द्यांचा एवढा सुकाळ आहे. असोसिएट, सीनियर असोसिएट, कन्सल्टंट, लीड, मॅनेजर! ज्याला हाताखालच्या एकाही माणसाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, त्याच्या गळ्यातील कार्डावर ‘मॅनेजर’ लिहिलेले असते. त्या शब्दाने त्याच्या सासुरवाडीत मान वाढतो आणि कामगार न्यायालयात दावा कमजोर करण्यासाठी तोच शब्द कंपनीचा वकील पुढे करतो.

न्यायालये मात्र दरवेळी या शब्दाला भुललेली नाहीत. चेन्नईच्या एका अभियंत्याला २०१५ साली याच कंपनीने कामावरून कमी केले. तो कामगार नसून व्यवस्थापक होता, असा बचाव कंपनीने केला. सात वर्षांनी, २०२२ साली, चेन्नईच्या कामगार न्यायालयाने तो फेटाळला आणि थकित वेतनासह त्याला पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम दिला. त्याआधी २०१५च्या जानेवारीत कपातीच्या लाटेत सापडलेल्या एका गरोदर कर्मचारी स्त्रीच्या सेवासमाप्तीला मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती. सात वर्षे लढण्याची ताकद किती जणांत असते, हा निराळा प्रश्न. पण लढणाऱ्याला कायदा ‘तू कामगार नाहीस’ म्हणून दारातून परत पाठवीत नाही, एवढे या प्रकरणांनी सिद्ध केले.

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे, कारण ती कामगार चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांच्याही ध्यानात नसते. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट १९७६ साली कायद्यात आली, ती कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती. नव्या संहितेने त्यासाठीची कामगारसंख्या १०० वरून ३०० वर नेली आणि त्यावर चळवळीने रास्त गदारोळ केला. परंतु सॉफ्टवेअर कंपनी या अटीच्या कक्षेत पूर्वीही नव्हती आणि आजही नाही. तीनशे मजुरांच्या सूतगिरणीला परवानगी मागावी लागते. सहा लाख माणसांच्या कंपनीला लागत नाही. ही तरतूद झाली तेव्हा देशात सॉफ्टवेअर कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे समजण्यासारखे आहे. आज या धंद्यात पन्नास लाखांवर माणसे काम करतात, आणि तरीही २०२०च्या संहितेने ती रेषा जशीच्या तशी ठेवली, हे अनवधानाने झाले असे कोण म्हणेल?

‘पण यांना पिळवणूक कसली? वातानुकूलित कचेरी, बसण्यास गाडी, खाण्यास कॅन्टीन, लाखांत पगार!’ हा आक्षेप बाहेरचेच घेतात असे नाही. पक्षाच्या शाखांतही तो ऐकू येतो. त्याला उत्तर देण्यासाठी या कंपनीचा व्यवहार चालतो कसा, ते पाहिले पाहिजे.

सॉफ्टवेअर सेवा देणारी कंपनी अनेकदा माणसांचे तास विकते. अमेरिकेतील बँक किंवा विमा कंपनी आपल्या संगणकप्रणालीची देखभाल हिच्याकडे सोपविते आणि अमुक माणसांच्या अमुक तासांचे पैसे मोजते. याला धंद्याच्या भाषेत ‘बिलिंग’ म्हणतात. प्रत्येक कर्मचारी दर आठवड्याला ‘टाइमशीट’ भरतो. त्यात कोणते तास कोणत्या गिऱ्हाइकाच्या नावे गेले हे लिहावे लागते. ज्याचे तास विकले जात नाहीत तो ‘बेंचवर’. त्याची नोकरी शाबूत, पगार चालू. पण कंपनीतील सर्वांत भेदरलेला मनुष्य हाच. नवे काम कंपनीने द्यावयाचे असते, तरी ते मिळविण्यासाठी त्यानेच आपल्या कंपनीच्या आत एका मॅनेजरकडून दुसऱ्याकडे उमेदवाराप्रमाणे हिंडावयाचे, मुलाखती द्यावयाच्या. टाटा कन्सल्टन्सीने २०२५च्या जूनमध्ये नियम केला की, प्रत्येक कर्मचाऱ्याचे वर्षाला किमान २२५ दिवस ‘बिल’ झाले पाहिजेत आणि बेंचवरचा काळ वर्षाला ३५ दिवसांपेक्षा अधिक असता कामा नये. जुन्या गिरणीत सुताचा पुरवठा थांबला म्हणून माग बंद राहिला, तर ती जबाबदारी मालकाची आहे हे सांगण्यास कामगाराला तोंड होते. येथे गिऱ्हाईक आणणे हे मालकाचे काम, ते आले नाही तर अपराधी मात्र मजूर.

या २२५ दिवसांचा एक साधा हिशेब करून पाहावा. भारतात बसून केलेल्या साध्या कामाला ताशी वीस-पंचवीस डॉलर हा दर या धंद्यात नवलाचा नाही. वीसच धरू. दिवसाचे ८ तास, २२५ दिवस, म्हणजे १,८०० तास आणि ३६,००० डॉलर; डॉलरला ८५ रुपये धरले तर ३० लाख ६० हजार रुपये. हे काम करणारा नवा अभियंता वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घेतो. मधल्या रकमेतून जागा, यंत्रे, विक्रीचा खर्च, वरिष्ठांचे पगार आणि कर वजा करावे लागतात, हे मान्य. ते सारे वजा झाल्यावर उरते किती, ते कंपनीचा ताळेबंद सांगतो. २०२४-२५ साली टाटा कन्सल्टन्सीचा निव्वळ नफा ४८ हजार कोटी रुपयांहून अधिक होता आणि वर्षअखेर कर्मचारी सहा लाखांवर होते. दर माणशी सुमारे आठ लाख रुपये! म्हणजे नव्या अभियंत्याच्या वर्षाच्या पगाराची दुपटीहून अधिक रक्कम, सर्व खर्च भागवून, कंपनी दर कर्मचाऱ्यामागे बाजूला काढते. मार्क्सने ज्याला वरकड मूल्य म्हटले, ते वातानुकूलित कचेरीत निर्माण होत नाही अशी समजूत असलेल्यांनी हा ताळेबंद अवश्य वाचावा.

आणि तो साडेतीन लाखांचा आकडा! गेली दहा-बारा वर्षे मोठ्या कंपन्यांत नव्या अभियंत्याचे वेतन जवळपास तेथेच खिळून आहे. पुण्यातील खोलीचे भाडे, खाणावळीचा दर, बसचे तिकीट यांपैकी काहीही थांबलेले नाही. त्याच काळात इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे वर्षाचे वेतन, समभागांसह, २०२३-२४ साली ६६ कोटींवर गेले. २०२३च्या आरंभी विप्रोने साडेसहा लाखांचे पत्र दिलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर रुजू होता का, असे विचारले. २०२५च्या फेब्रुवारीत इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण ठरवून घरी पाठविले. त्यांतील अनेकांना २०२२ साली नेमणुकीचे पत्र मिळाले होते आणि रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली होती. या मुलांत लातूर, जळगाव, सोलापूरकडचा एखादा असेल, तर त्याच्या बापाने काय विकून फी भरली असेल, याचा अंदाज महाराष्ट्रातील वाचकांना सहज करता येईल.

कारण हा मजूर तयार करण्याचा कारखाना महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर उघडला गेला. १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढे गिरणगाव मोडून पडले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. साखरसम्राटांतून शिक्षणसम्राट निपजले. या तीन घटना कोणी एका खोलीत बसून जुळवून आणल्या नव्हत्या. पण वीस वर्षांनी त्यांचा परिणाम एकच दिसला: गिरणी कामगाराच्या, प्राथमिक शिक्षकाच्या, पाच एकर जिरायत शेतकऱ्याच्या घरातील मुलगा-मुलगी कर्ज काढून अभियंता झाली आणि हिंजवडी, खराडी, बंगळूर, हैदराबाद येथे जाऊन तास विकू लागली. सरकारने या धंद्यास भूखंड दिले, १९९१पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क उभारले आणि तेथील निर्यातीच्या नफ्यावर २०११च्या मार्चपर्यंत प्राप्तिकर माफ केला. या सवलतींच्या बदल्यात नोकरीच्या सुरक्षिततेची एकही अट घातली गेली नाही.

कामाचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. बाहेरच्याला वाटते, येथे दिवसभर नवनव्या कल्पना लढविल्या जातात. प्रत्यक्षात फार मोठा भाग कोणातरी दूरदेशीच्या बँकेचे जुने प्रोग्राम चालू ठेवण्याचा असतो. काम लहान लहान तुकड्यांत मोडून ‘तिकिटा’च्या रूपाने पडद्यावर येते, प्रत्येक तिकीट किती तासांत निकालात निघाले पाहिजे हे करारात ठरलेले असते. रोज सकाळी सर्वांनी उभे राहून काल काय केले, आज काय करणार, अडले कोठे, हे सांगावयाचे. संपूर्ण प्रणाली कशासाठी आहे, तिचा आराखडा असा का, हे तिकीट सोडविणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसते. स्वतः तांबटकाम शिकलेल्या हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकन मार्क्सवाद्याने १९७४ साली ‘लेबर अँड मोनॉपली कॅपिटल’ या ग्रंथात दाखवून दिले होते की, भांडवलदारी विचार आणि कृती यांची फारकत करते, आणि संगणकाची कचेरीही याला अपवाद नाही. हिंजवडीतील तिकिटांची रांग त्याने पाहिली नव्हती. पण तिचे वर्णन त्याच्या ग्रंथात सापडते.

मग वर्षअखेरचे मूल्यमापन. कित्येक ठिकाणी गटातील अमुक टक्के माणसे सर्वांत खालच्या श्रेणीत टाकलीच पाहिजेत, असे प्रमाण आधीच ठरलेले असते. दहाच्या दहा जणांनी उत्तम काम केले तरी एकाला खाली बसवावे लागते. यामुळे शेजारी बसलेला सहकारी हा मित्र न राहता प्रतिस्पर्धी होतो. मुकादमाच्या दंडुक्यापेक्षा हे शस्त्र अधिक धारदार आहे, कारण ते कामगारांच्याच हाती देऊन एकमेकांवर चालविले जाते.

तासांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही; मालकांनीच त्याचा पुरेसा प्रचार केला आहे. २०२३च्या ऑक्टोबरात इन्फोसिसच्या संस्थापकांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. २०२५च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो ९० तासांवर नेला आणि घरी बसून बायकोचे तोंड किती वेळ पाहणार, अशी पुस्तीही जोडली. (घरी राहिलेल्या बायकोचे, किंवा स्वतः कंपनीत काम करणाऱ्या बायकोचे, काम कोण करणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही.) हे म्हाताऱ्यांचे बोल म्हणून हसून सोडता आले असते. परंतु मधल्या काळात, २०२४च्या जुलैत, कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांचा दिवस १४ तासांपर्यंत वाढविण्याचा प्रस्ताव सरकारपुढे आला. आणि २०२५च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत ९ ऐवजी १२ आणि दुकाने-आस्थापनांत ९ ऐवजी १० तासांच्या दिवसाला मान्यता दिली. उपदेश आधी येतो, कायदा मागून.

एवढे सारे असता हा वर्ग संघटित का झाला नाही? दोष एकाच बाजूचा नाही, आणि पक्षाच्या मुखपत्रात तरी तो स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.

अभियंत्यांची बाजू अशी की, बरीच वर्षे त्यांच्या अनुभवात नोकरी बदलणे हाच पगारवाढीचा आणि अपमानातून सुटण्याचा मार्ग होता. जो उद्या दुसऱ्या कंपनीत किंवा परदेशी जाणार, तो आजच्या कंपनीत युनियन कशाला करील? गुणवत्तेची भाषाही अंगवळणी पडली होती. काढलेला मनुष्य नालायकच असला पाहिजे, असे न काढलेल्याला वाटत असे, त्याची पाळी येईपर्यंत. आणि त्याच इमारतीत झाडलोट करणारी बाई, दारावरचा पहारेकरी, रात्री घरी सोडणारा चालक हे कंत्राटदाराकडचे मजूर आपलेच सहकामगार आहेत, हे त्याला कोणी शिकविले नाही. आता ते दार अरुंद होत आहे. ९० दिवसांच्या नोटिशीची अट नोकरी बदलू देत नाही. अमेरिकेने २०२५च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. आणि जे बदल होत आहेत ते कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे अटळ आहेत असे सांगितले जाते. वास्तविक, बारा हजारांच्या कपातीचे कारण यंत्राने वाढविलेली उत्पादकता हे नसून कौशल्याचा मेळ न बसणे हे आहे, असे त्या कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितले होते. ज्या कंपनीने माणसाला बारा वर्षे एकाच गिऱ्हाइकाच्या जुन्या प्रणालीवर बसविले, तिनेच त्याला नवे येत नाही म्हणून काढावे, यात नालायक कोण ठरतो?

चळवळीची बाजू अधिक अवघड आहे. १९६०च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कचेरीत संगणक बसविण्यास कर्मचाऱ्यांनी मोठा विरोध केला. त्या काळच्या बेकारीत त्या भीतीला आधार होता. पण त्या लढ्याची आठवण उरली ती ‘लाल बावटेवाले संगणकाचे शत्रू’ या टोमण्याच्या रूपाने, आणि पुढे चळवळीतील पुष्कळांनी संगणकापुढे बसणाऱ्याकडे पाठ फिरवून या टोमण्याला बळच दिले. संगणक बँकांत आले, कारखान्यांत आले. त्यांच्यामागे जो नवा मजूर उभा राहिला त्याची गणना ‘पांढरपेशा’ या एका शब्दात करून त्याला बाजूला ठेवले गेले. आज पुणे, बंगळूर, हैदराबाद, इंदूर येथील किती पक्षसभासदांच्या घरांत एक तरी मुलगा किंवा मुलगी या धंद्यात आहे! शाखेच्या बैठकीत बाप कामगारवर्गाच्या ऐक्याचा ठराव मांडतो आणि घरी आलेल्या मुलाला, ‘तुमचे बरे आहे,’ असे म्हणतो. मुलाच्या डोक्यावर लटकत असलेल्या ३५ दिवसांच्या नियमाची त्याला गंधवार्ता नसते, कारण त्याने ती कधी विचारलेली नसते.

काम झालेच नाही असे नाही. पश्चिम बंगालमध्ये २००६ साली, कर्नाटकात २०१७ साली आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना सीटूच्या पाठिंब्याने उभ्या राहिल्या. तामीळनाडूत आयटी कर्मचाऱ्यांना युनियन करण्याचा हक्क आहे, हे सरकारकडून २०१६ साली वदवून घेण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले. कर्नाटकातील १४ तासांच्या प्रस्तावाविरुद्ध तेथील संघटना कंपन्यांच्या दरवाजांपर्यंत गेली. २०२५च्या मार्चमध्ये बंगळूरच्या फ्रीडम पार्कवर गळ्यात कार्डे अडकविलेली मुले-मुली कामाच्या तासांसाठी जमली. संख्या मोठी नव्हती. पण आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या कायद्यातून मिळालेली सूट पुढे चालू ठेवताना कर्नाटक सरकारला काही अटी घालाव्या लागल्या आहेत: मालक आणि कर्मचारी यांच्या समसमान संख्येची तक्रार निवारण समिती, आणि निलंबन, पदावनती वा सेवासमाप्ती केल्यास ती कामगार खात्याला कळविणे. राजीनामा या यादीत नाही. पुन्हा तीच खोली.

त्या खोलीत शिरणाऱ्याला आज जे ठाऊक नसते ते एवढेच: राजीनामा देण्याची सक्ती कोणालाही करता येत नाही, सही करण्यापूर्वी वेळ मागता येतो, कंपनीला काढावयाचे असेल तर तिने तसे लेखी द्यावे, असे म्हणता येते, धमकी दिली गेली तर त्याच दिवशी घरच्या ई-मेलवरून ती तारखेसह कामगार आयुक्तांना आणि संघटनेला कळविता येते. २०२२चा चेन्नईचा निकाल अशाच न डगमगलेल्या एका माणसाच्या वाट्याला आला. हे सांगणारे माणूस त्याला त्या खोलीत जाण्याआधी भेटले पाहिजे, आणि ते भेटविण्याचे काम ज्या शाखांच्या हद्दीत या कंपन्या आहेत त्यांच्याकडे येते.

त्यात एक अगदी साधी अडचण आहे. शाखेची बैठक वर्षानुवर्षांच्या प्रघाताप्रमाणे संध्याकाळी सातला भरते. न्यूयॉर्कची कचेरी त्याच सुमारास उघडते आणि हिंजवडीतील अभियंता कानाला यंत्र लावून गिऱ्हाइकाशी बोलण्यास बसतो. त्याला बैठकीला यावयाचे असेल तर ती रविवारी सकाळी, आणि वाकड किंवा हिंजवडीतच, भरवावी लागेल.